जुन्या टूलात अडकलेला आवाज

ठमाबाईंचा आवाज अख्ख्या खोडदला ठाऊक होता. बांधावर उभं राहून त्यांनी मुलाला "गोरखऽऽ" अशी हाक घातली, की विहिरीपलीकडच्या वस्तीवरचा दुसरा गोरखसुद्धा "ओ" द्यायचा, अशी गावात थट्टा चाले. हर्षाली लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटायचं, सासूबाई सतत आपल्यावर चिडलेल्या आहेत. पुढे कळलं, की त्यांचं साधं बोलणंच तेवढ्या पट्टीतलं असतं. चिडल्या की उलट त्या हळू बोलतात.

हर्षालीचं माहेर ओझरचं. कॉम्प्युटरची पदवी घेतली, पण पुण्याला जायचं घरच्यांच्या मनात नव्हतं. म्हणून नारायणगावात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर दादाभाऊंचं छोटंसं ऑफिस होतं, तिथं ती कामाला लागली. दादाभाऊ शाळांसाठी सीड्या काढायचे. कावळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की कावळा काव काव करणार, ढगावर केलं की ढग गडगडणार. हे सगळं ज्यात जुळवायचं ते एका परदेशी कंपनीचं टूल होतं, कॉम्प्युटरमधलं अवजार. सुताराला जसा रंधा, तसं हर्षालीला ते टूल. चित्र इथं ठेव, आवाज त्याला जोड, बटण दाबल्यावर काय व्हायचं ते लिही. त्यात तिचा हात असा काही बसला होता, की दादाभाऊ म्हणायचे, "ही पोरगी त्या टूलला बोलतं करती."

लग्नानंतरही नोकरी चालू राहिली. गोरख टोमॅटो-कांद्याची शेती बघायचा, हर्षाली सकाळी डबा घेऊन नारायणगावची गाडी पकडायची. आणि सगळं असं मार्गी लागलेलं असताना ठमाबाईंना घास गिळताना दुखायला लागलं. आधी गुळण्या झाल्या, मग गावातले डॉक्टर झाले, मग पुणं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सरळच सांगितलं. गळ्यातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल.

परतीच्या गाडीत गोरख खिडकीबाहेर बघत होता. ठमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. हर्षालीच्या डोक्यात मात्र, का कोण जाणे, तो सीडीतला कावळा घुमत होता. चित्रावर बोट ठेवलं की कावळा बोलतो. मग माणूस का बोलू नये?

मंचरच्या पुढं गाडी आल्यावर तिनं सासूबाईंना ते सांगितलं. आवाज आहे तोवर भरून ठेवू. नंतर चित्रावर बोट ठेवायचं, की तुमच्याच आवाजात शब्द निघेल.

ठमाबाई भडकल्या. म्हणजे हळू बोलल्या. "मी काय मरायला टेकले व्हय? माझा आवाज डब्यात भरून ठिवायला?"

"मेल्यावरसाठी नाही, आई," हर्षाली म्हणाली. "जगताना लागेल म्हणून."

ठमाबाईंनी पदर खांद्यावर ओढून तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली डबा भरत होती, तेव्हा इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

दादाभाऊंच्या ऑफिसात एक खोली होती, तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. ठमाबाईंना माइकसमोर बसवलं. पलीकडे दादाभाऊ कानांवर मोठे हेडफोन चढवून मशिनीपाशी बसले. हर्षालीनं शब्द काढून आणले होते. पाणी. जेवण. औषध. दुखतंय. उशी द्या.

ठमाबाईंनी ते ऐकून घेतले आणि नाक मुरडलं. "ह्ये समदं आजारी माणसाचं बोलणं झालं. मी भांडायचं कशानं?"

दादाभाऊंचं ढेरपोट हसून हसून हलायला लागलं. मग जे सुरू झालं ते ऑपरेशनच्या तारखेपर्यंत चाललं. भाजीवाल्याशी घासाघीस करायचं बोलणं भरलं: "येवढं म्हाग? सोन्याचं हाय का काय?" पाहुण्याला बसवायचं भरलं: "बस की जरा, च्या घे." शेळ्यांना हाकलायचं, पोरांना दटावायचं, बसमध्ये जागा मागायचं, "खोटं बोलू नगं" हे वेगवेगळ्या तीन चढ्या आवाजांत. गावातल्या, नात्यातल्या माणसांची नावं. आणि हाका. गोरखची हाक भरताना मशिनीतला काटा लाल रेषेच्या पार गेला. दादाभाऊंनी हेडफोन कानांवरून उचलून धरले आणि म्हणाले, "आजी, माइक फुटंल!"

ऑपरेशन झालं. ठमाबाई वाचल्या. मानेला भोक, त्यातून श्वास, त्यावर पांढरं फडकं. डॉक्टरांनी मानेला लावून बोलायचं एक थरथरणारं यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेला पत्र्यासारखा खरखराट ऐकून ठमाबाईंनी ते फडताळात टाकलं ते टाकलंच. अक्षरओळख नसल्यामुळं लिहून दाखवायचा मार्गही नव्हता. पण तोवर हर्षालीनं पडद्याला बोट लावून चालणाऱ्या एका लॅपटॉपवर सगळं जुळवून आणलं होतं. हंड्याचं चित्र, शेळीचं चित्र, एसटीचं चित्र, प्रत्येकाच्या आत आणखी चित्रं. ओट्यावरच्या खांबाला एक स्पीकर बांधला. ठमाबाईंनी गोरखच्या फोटोवर बोट टेकवलं.

"गोरखऽऽ!"

गोरख वाफ्यात पाणी धरत होता. फावडं तिथंच टाकून तो धावत आला. ओट्याशी येऊन थांबला आणि लहान मुलासारखा रडला. पलीकडच्या वस्तीवरच्या गोरखनंही म्हणे "ओ" दिला होता.

त्यानंतर कितीतरी वर्षं ठमाबाई त्या लॅपटॉपातून बोलल्या. हर्षालीनं त्याला जाड कापडाची पिशवी शिवून दिली. ती खांद्याला लावून त्या बाजारात जायच्या, भाजीच्या ढिगावर लॅपटॉप टेकवून घासाघीस करायच्या. भाजीवालेही सरावले. एकदा बसमध्ये "सरक की भाऊ" म्हणण्याऐवजी चुकून शेळ्या हाकलायचं बटण दाबलं गेलं आणि अख्खा बाक रिकामा झाला, ही गोष्ट गोरख अजून सांगतो.

या वर्षांत बाकीचं जग पुढं निघून गेलं. सीड्या कोणी विचारीना. दादाभाऊंनी ऑफिस बंद केलं, सामान विकलं आणि डिंभ्याच्या धरणावर मासळीच्या धंद्यात पडले. हर्षाली घरी बसून वेबसाइटची कामं करू लागली: मंगल कार्यालयं, रोपवाटिका, टोमॅटो बाहेर पाठवणाऱ्यांची पानं. ते जुनं टूल तिला लागेनासं झालं.

तिकडं टूलची कंपनीही दुसऱ्या कंपनीनं घेतली. नव्या मालकांची रीत निराळी होती. दर दोनेक वर्षांनी नवी आवृत्ती यायची, आणि ती फक्त तिच्या लगेच आधीच्या आवृत्तीत केलेलं काम उघडायची. त्याहून जुन्याला ओळखच द्यायची नाही. म्हणजे पैसे भरत मागोमाग चालत राहाल तर तुमचं, मध्ये एकदा थांबलात की तुटलात. टूलमध्ये केलेलं काम चालवायला एक वेगळा प्लेअर लागायचा, आणि नव्या मशिनीवर टाकला की तोही इंटरनेटवरून कंपनीची परवानगी मागायचा. ठमाबाईंच्या लॅपटॉपला ती फार पूर्वीच मिळाली होती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. मूळ रेकॉर्डिंग ज्या मशिनीवर केलं ती ऑफिसच्या सामानासोबत भंगारात गेली होती. हर्षालीनं ठेवली होती ती टूलची एकच मोठी फाइल. तीत चित्रं, आवाज, सगळंच आहे, मग आणखी काय हवं, असं तिला वाटलं होतं. कोणालाही वाटलं असतं.

मग गेल्या माघात एका सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही.

नारायणगावात पीयूषचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून येऊन इथं धान्याच्या व्यापारात स्थिरावले, नातू मदरबोर्डात रमला. त्यानं लॅपटॉप खोलून पाहिला. "वहिनी, बोर्ड जळालाय. आता हा मिळतही नाही. पण डिस्क ठणठणीत आहे, फाइली सगळ्या काढून देतो."

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. फाइली आहेत म्हणजे झालं! नव्या लॅपटॉपवर टाकू, तासाभराचं काम. घरी येऊन तिनं प्लेअर टाकला. तो परवानगी मागत बसला, मागत बसला, आणि शेवटी म्हणाला: सर्व्हर सापडत नाही. जुनी डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली, तर प्लेअरनं मशीन बदललेली ओळखली आणि पुन्हा तेच. कंपनीला मेल केला. दोन दिवसांनी अगदी गोड भाषेत उत्तर आलं: आपण विचारलेल्या उत्पादनाचं आयुष्य संपलेलं आहे, कृपया नवी आवृत्ती वापरावी. नवी आवृत्ती महिनाभर फुकट वापरून बघता येत होती. ती तिनं उतरवून घेतली आणि ठमाबाईंची फाइल उघडायला गेली. तर टूल म्हणालं, ही फाइल फार जुनी आहे, आधी मागच्या आवृत्तीत उघडून जतन करा. मागची आवृत्ती कुठं मिळते? कुठंच नाही. विकणं बंद. तिच्या मागची? तीही बंद.

सासूबाईंचा आवाज समोर त्या फाइलीत होता. हात लावता येत होता, कॉपी करता येत होता, पेन ड्राइव्हवर घेऊन गावभर फिरता येत होतं. ऐकता मात्र येत नव्हता.

ठमाबाई पहिले काही दिवस तांब्या आपटून बोलल्या. एकदा आपटला की पाणी, दोनदा आपटला की इकडं या. गोरखनं मोबाइलवर एक बोलणारं ॲप आणून दाखवलं. त्यातली बाई टीव्हीवरच्या बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." ठमाबाईंनी मोबाइल उचलला आणि शांतपणे धुण्याच्या बादलीशेजारी नेऊन ठेवला. बादलीत टाकला नाही, एवढीच मेहेरबानी. त्यानंतर तांब्याही आपटेनाशा झाल्या. बाजार बंद केला. कोणी ओट्यावर येऊन बसलं की उठून आत जायच्या. हर्षालीला ते आपटणं परवडलं असतं, पण ही शांतता सोसवेना. तिला जेवण जाईना. वेबसाइटच्या कामाला बसली की ज्या टूलमध्ये ती काम करत होती त्याचाच धसका वाटायचा: हेही असंच एक दिवस दार लावून घेईल का?

एका दुपारी ती अशीच सुन्न बसलेली असताना ठमाबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग पोटासमोर हवेत मोठी ढेरी काढली आणि ती गदागदा हलवून दाखवली.

हर्षालीला आधी समजेना. ठमाबाईंनी पुन्हा कान झाकले, पुन्हा ढेरी हलवली.

"दादाभाऊ?" हर्षाली म्हणाली.

ठमाबाईंनी जोरात मान हलवली.

"आई, त्यांनी सगळं विकून टाकलं. त्यांच्याकडं आता जाळी आणि होड्या."

ठमाबाईंनी जमिनीवर बोट ठोकलं. एकदा, दोनदा. विचार तरी.

जुना नंबर लागत नव्हता. हर्षालीला आठवलं, ऑफिसचं सामान पीयूषच्याच दुकानात गेलं होतं. तिनं त्याला फोन केला. पीयूष म्हणाला, "मशिनी माझ्या वडलांनी भंगाराच्या भावात घेऊन कधीच मोडून विकल्या, वहिनी. पण एक पीसी त्यांनी दिला नव्हता, बघा. म्हणाले, हा राहू द्या, पत्ते खेळायला होईल." आणि त्यानं दादाभाऊंचा नवा नंबर दिला.

फोन लागायलाच संध्याकाळ झाली. रेंज येत-जात होती. दादाभाऊ ओरडून बोलत होते.

"चालू हाय म्हंजे काय! रोज पत्त्यांचा डाव टाकतो त्याच्यावर!"

"सर, आपलं ते टूल आहे का त्यात? काढून नाही ना टाकलं?"

"कोण काढतंय? मला काढता येतं का? तू लावून दिलेलं, तसंच असंल."

"त्याला इंटरनेट लावू नका, सर. काहीही झालं तरी. नाहीतर कंपनीशी बोलून तेही अडून बसेल."

"अगं, इथं फोन लागायची मारामार, इंटरनेट कुठलं घेऊन बसलीस! ये तू. आजींनाबी आण."

हर्षालीला धीर आला, आणि लगेच पुन्हा धसका. त्या टूलचा परवाना दोन वर्षांचा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. दोन वर्षं केव्हाच उलटून गेली होती. टूल असेल, पण उघडेल कशावरून?

गोरखला शेताला पाणी द्यायचं होतं, वीज दिवसाच्या पाळीत होती. म्हणून सासू-सून दोघीच निघाल्या. नारायणगावहून मंचरपर्यंत सोपं होतं. मंचरला डिंभ्याकडची गाडी लवकर आलीच नाही, आणि आली ती खच्चून भरून. ठमाबाईंचा हात सवयीनं खांद्याच्या पिशवीकडं गेला, आणि पिशवी नाही हे कळल्यावर त्यांनी कोपरानं जागा केली. घोडेगाव मागं पडलं, डोंगर जवळ आले, धरणाचं पाणी दिसू लागलं.

दादाभाऊ थांब्यावर उभे होते. केस पांढरे झालेले, पोट तेच. ठमाबाईंनी त्यांच्या पोटाकडं बोट करून हर्षालीकडं असं पाहिलं, की बघ, मी म्हणत नव्हते?

घरात एका कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या कापडाखाली, तो पीसी होता. दादाभाऊंनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा उजळायला इतका वेळ लागला, की हर्षालीनं श्वास धरला होता तो सोडून पुन्हा घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसली. एक जानेवारी. साल बघून ती चमकली. साल तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांमधलं होतं.

"सर, तारीख अशी काय?"

"ती तसलीच असती. त्याच्यातला सेल संपलाय म्हणं. बंद केला की सगळं विसरतो गडी. रोज एक जानेवारी. मी बी नाद सोडला, पत्त्यांना कशाला लागती तारीख?"

हर्षाली खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. आतला बटणाएवढा सेल मेला होता, म्हणून ते यंत्र रोज नव्यानं त्याच दिवशी जागं होत होतं. म्हणजे दोन वर्षांचा परवाना त्याच्या लेखी अजून सरलेला नव्हता. तिनं टूलच्या चित्रावर क्लिक केलं. ओळखीचा निळा पडदा आला. परवाना विचारला नाही, परवानगी मागितली नाही. कितीतरी वर्षांनी माहेरच्या घरात शिरावं आणि डबे होते तिथंच असावेत, तसं ते टूल समोर उघडलं.

पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडली. हंडा, शेळी, एसटी, सगळी चित्रं जागच्या जागी. पुढं काय वाजेल हे न बघताच तिनं हाताला येईल त्या बटणावर क्लिक केलं.

"बस की जरा, च्या घे."

"आत्ता टाकते, आजी!" स्वयंपाकघरातून दादाभाऊंच्या बायकोनं ओ दिला.

ठमाबाईंचा हात मानेवरच्या फडक्यावर गेला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. दादाभाऊ चष्मा काढून लुंगीला पुसत राहिले. हर्षाली एकेक आवाज बाहेर काढून साध्या, कुठंही वाजणाऱ्या फाइलींत जतन करू लागली. जुन्या टूलमध्ये ती सोय होती. पुढच्या आवृत्तीतून कंपनीनं ती काढून टाकली होती.

पाचपन्नास आवाज निघाले असतील नसतील, तेवढ्यात वीज गेली.

पडदा काळा. पंखा थांबला. एवढं जुनं यंत्र, असं झटक्यात बंद पडलेलं. पुन्हा सुरू होईल का? दादाभाऊ म्हणाले, "येती तासाभरात. जेवून घ्या तवर." मऊ भात आणि मासळीचा पातळ रस्सा होता. ठमाबाई सावकाश जेवल्या. हर्षालीचा घास हातातच राहिला. शेवटी ठमाबाईंनी तिच्या मनगटाला धरून तो तिच्या तोंडाशी नेला, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं खूण केली: धीर धर. आजवर किती वेळा या बाईनं आपल्याला दटावलं, पण असं समजावलं कधी नव्हतं, हे हर्षालीला त्या घासाबरोबर जाणवलं.

वीज आली. दादाभाऊंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. घरघर सुरू झाली. पडदा उजळला, आणि कोपऱ्यात तीच एक जानेवारी. हर्षाली मोठ्यानं हसली. इतकी चुकीची तारीख बघून इतका आनंद झालेलं दुसरं माणूस जगात नसेल.

दुपार कलायच्या आत सगळं बाहेर निघालं होतं. तिनं प्रत्येक आवाज स्वतःच्या लॅपटॉपवर क्षणभर वाजवून बघितला, दोन पेन ड्राइव्हवर घेतला, वर दादाभाऊंच्या पीसीतही एक प्रत ठेवली. मग ती मागच्या दाराबाहेर गेली. धरणाच्या काठी वाळत घातलेल्या जाळ्यांशेजारी जरा वेळ नुसती उभी राहिली. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवला होता. परतीच्या गाडीत जागा मिळाली, आणि नारायणगाव येईपर्यंत ती सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. ठमाबाईंनी तो खांदा हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवाज निवडायला बसली तेव्हा तिला एक गंमत कळली. त्या टूलमध्ये आवाजाचा हवा तेवढाच तुकडा वाजायचा, पण पुढचं-मागचं सगळं रेकॉर्डिंग आत तसंच राहिलेलं होतं. आता तेही बाहेर आलं होतं. दोन शब्दांच्या मधलं खाकरणं, बांगड्यांची किणकिण, "आता काय म्हणू गं?" आणि "माइक फुटंल" या बोलण्यापाठोपाठ ठमाबाईंचं हसू. पहिल्यांदा दाबून धरलेलं, मग फुटलेलं, मग खोकला येईपर्यंत चाललेलं. ऑपरेशननंतर त्या हसायच्या तेव्हा खांदे हलायचे, डोळे भरायचे, पण आवाज नसायचा. इतकी वर्षं कोणालाही सुचलं नव्हतं, की हसण्यालाही बटण हवं.

तिनं ते वाजवलं. गोरख दारात दुधाची किटली घेऊन उभा होता. तो खाली बसला. ठमाबाईंनी ऐकलं, डोळे बारीक केले, आणि स्वतःकडं बोट दाखवलं. ही मी?

"तुम्हीच, आई."

नवी मांडणी करताना हर्षालीनं कुठल्याच कंपनीचं बंद टूल घेतलं नाही. साधं वेबपान लिहिलं, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल असं. ती रीत कोणा एकाच्या मालकीची नाही, आणि मोबाइल नव्हते तेव्हा लिहिलेली पानंसुद्धा आजच्या मोबाइलवर उघडतात, हे तिला धंद्यातून माहीत होतं. आवाज साध्या फाइलींत, चित्रं साध्या फाइलींत. प्लेअर नको, परवानगी नको. एक प्रत गोरखच्या फोनवर, एक पीयूषच्या दुकानात. पीयूषनं बजावलंय, "वहिनी, ही माझ्या आजीच्या फोटोंच्या शेजारी ठेवलीय. काळजी करू नका." आणि आता कोणी गिऱ्हाईक नवं टूल घेऊन आलं, की हर्षालीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात घातलेलं परत बाहेर काढता येतं का?

ठमाबाई आता मोबाइलवरून बोलतात. लॅपटॉपचं ओझं गेलं, बाजार पुन्हा सुरू झाला. वैशाखात मंचरला एका लग्नाला सगळे गेले होते. अक्षता पडायच्या आधी नवऱ्यामुलाचे मामा माइक हातात घेऊन उभे राहिले, आणि आपण या मुलासाठी काय काय केलं ते सांगत सुटले. ऊन तापलं होतं, पोरं रडत होती, मामा थांबेनात. हर्षालीच्या शेजारी जरा हालचाल झाली. तिनं पाहिलं, तर ठमाबाईंनी आवाज पूर्ण वाढवून मोबाइल उंच धरला होता.

भर मांडवात ठमाबाई खदखदून हसल्या. पहिल्यांदा दाबून, मग फुटून, मग खोकला येईपर्यंत. माना वळल्या. मग मागल्या रांगेतून कोणीतरी हसलं, मग सगळा मांडवच हसायला लागला. मामांनी घाईनं माइक भटजींच्या हातात दिला. हर्षालीनं सासूबाईंना डोळ्यांनी दटावायचा प्रयत्न केला, पण तिला स्वतःलाच हसू आवरेना. ठमाबाईंनी मोबाइल पदराखाली घेतला, अक्षता मुठीत धरल्या, आणि अगदी भोळ्या चेहऱ्यानं समोर बघत उभ्या राहिल्या.